उंदरानं खाल्लेली भावकी

गहिनीनाथ मुंगशाच्या दुकानातून चहापावडरीची पुडी घेतली, की घरी पोचेपर्यंत तिच्यातली निम्मी पावडर वाटेला लागलेली असायची. तो मापात मारत नव्हता. माप चोख. पण त्याच्या पुड्यांना खिडक्या होत्या. श्रीरामपुराहून वजनावर रद्दी आणायची, दुपारी गिऱ्हाईक नसताना एकेक कागद मांडीवर पसरून वाचायचा आणि कुणाच्या निधनाची बातमी दिसली की ती कात्रीनं कापून घ्यायची, हा त्याचा नेम. उरलेल्या कागदात आम्हाला मीठमिरची. बायका पुडीखाली पदर धरून चालायच्या. माझी बायको राहीबाई म्हणायची, "आज आपल्या हळदीतनं कोन गेलं, बघा." मी पुडी उजेडाला धरायचो. भोक लहान असलं तर साधा माणूस. मोठं असलं आणि वर फोटोपुरती जादा जागा असली, तर एखादा चेअरमन.

आता हा माणूस असं का करायचा, ते सांगतो. आमची वाडी बेलापूरच्या अलीकडं, कालव्याच्या काठाला. इथं प्रत्येकाच्या घराला चिकटून त्याच्या भावकीचं घर, आणि दोन्ही घरांचं मिळून एक भांडण. गहिनीनाथाला यातलं काहीच नव्हतं. त्याचा बाप बन्सी कालव्याच्या कामावर आला आणि इथंच राहिला. कुठून आला म्हणून विचारलं तर 'वरून' एवढंच सांगायचा. वरून म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगानं की आभाळातून, हे कुणी खोदून विचारलं नाही आणि एक दिवस बन्सी विचारण्यापलीकडं गेला.

दहाव्याला प्रवरेच्या काठावर आम्ही सगळे होतो. आमच्यात दहाव्याला मयताच्या भावकीतले सगळे पुरुष ओळीनं बसतात आणि डोकं-मिशी उतरवतात. बाकीचे सोयरे-पाव्हणे कडेला उभे राहतात आणि भादरलेल्या डोक्यांवर टोप्या घालतात. गहिनीनाथ एकटा बसला. भिमाजी न्हाव्यानं त्याची मिशी उतरवली, वस्तरा पुसला आणि सवयीनं पुढच्या माणसाकडं वळला. पुढं नदी. भिमाजी म्हणाला, "संपली का रांग?"

वाईट हेतूनं नाही बोलला. पण गहिनीनाथाच्या डोक्यावर केस पुन्हा आले, तरी आत तो शब्द तसाच राहिला.

आम्ही मात्र भावकीनं जेरीस आलेलो. मी आणि माझा चुलतभाऊ बांधावरच्या एका बाभळीवरून श्रीरामपूरच्या कोर्टात होतो. बाभळ वाळून तिचं सरपण झालं, दावा अजून हिरवा. तारखेहून परतलो की मी गहिनीनाथाच्या दुकानापुढं टेकायचो, आणि तो सगळी कामं सोडून जवळ सरकायचा.

"काय म्हनला तुजा भाऊ?"

"मुडदा बसवला त्याचा! कोर्टाच्या पायरीवर माज्या पायावर पाय दिऊन गेला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम न्हाई तर काय!"

"नशीब लागतं, कारभारी," तो म्हणायचा. "माज्या पायावर पाय द्यायला कोन हाय?"

तर बातमीच्या शेवटी जे असतं ना, 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे', ते त्याला देवाच्या आरतीसारखं पाठ. जिवंत माणूस आपल्या भाऊबंदांची नावं सांगताना हातचं राखतो, निम्म्यांशी त्याचं वाकडं असतं. मेल्यावर सगळे एका ओळीत येतात. म्हणून वंश शोधायचा तर मढ्यापासून सुरुवात करावी, हे गहिनीनाथाचं शास्त्र. मुंगसे आडनावाची बातमी सापडली की दुकानाच्या मागच्या भिंतीला खळीनं चिकटवायची. खळ गव्हाच्या पिठाची, त्यामुळं रात्रीत उंदीर यायचे. उंदरांनी मुंगसे खाल्ल्याचं मी तरी त्याच भिंतीवर पाहिलं. उरलेल्या तुकड्यांवर तो कोळशानं रेघा मारून याला त्याचा काका करायचा, त्याला याचा पुतण्या.

अडचण एवढीच की रद्दी शिळी. बातमी याच्या हातात यायची तोवर मयताचं वर्षश्राद्ध झालेलं असायचं. एकदा कर्जतचा कुणी नामदेव मुंगसे वारल्याचं वाचलं. एसटीनं कर्जत गाठलं, घर शोधलं आणि उंबऱ्यावरच हंबरडा फोडला. आतून एक म्हातारा धोतर सावरत आला.

"कोन गेलं वं?"

"नामदेवबाबा गेले!"

"मीच की त्यो," म्हातारा म्हणाला. "गेला त्यो पलीकडच्या आळीचा. त्यालाबी लई दिस झाले. या, च्या घ्या."

परत आल्यावर मला सांगतो, "आपल्यातला न्हाई निगाला. पर च्या झकास हुता. मयतानं सोता केल्ता."

या छंदानं त्याच्या घरात एक नुकसान झालं होतं. त्याची मुलगी चांगुणा लग्नाची. तिला बघायला एका चांगल्या घरचे लोक आले. पोह्यांच्या बश्या हातात, बोलणं रुळावर, आणि गहिनीनाथानं मुलाच्या चुलत्याला विचारलं, "तुमच्यात अलीकडं कोन वारलं?" माणसं पोहे तिथंच ठेवून उठली. तेव्हापासून मालनबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ठरवून टाकलं की चांगुणाचं काहीही जमवायचं ते नवऱ्याच्या कानावर न जाता.

आणि जमतही आलं होतं. बेलापूरच्या बाजारात झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं चांगुणाला कांद्यावरून घासाघीस करताना बघितलं. व्यापाऱ्याला तिनं असा गप्प केला की म्हातारी हरखली. तिचा एक आईबापावेगळा नातू होता, राधाकृष्ण, साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर. आडनाव मात्र मुंगसे. मालनबाई दचकली. एकच आडनाव, उद्या भाऊबंद निघाले तर पोरं भाऊ-बहीण! तिनं झुंबरबाईला तसं विचारलंही. देवक विचारून उपयोग नव्हता. बन्सीनं आपलं देवक कधी सांगितलंच नाही. गहिनीनाथाच्या लग्नात भटजींनी ज्याचं ठाऊक नाही त्याला लावतात तसं पंचपालवी लावून काम भागवलं होतं.

झुंबरबाई म्हणाली, "आगं, नाव येक असतंय, मूळ येगळं असतंय. आमच्या रांगंत तुमचं कोन बसलंय का कंदी? न्हाई ना? रांगंत बसत्यो त्यो भाऊ. बाकी सगळे सोयरे."

झालं. गहिनीनाथ रद्दी आणायला गेला की राधाकृष्ण काहीतरी घ्यायला दुकानात यायचा. कारखान्यावर सगळं मिळत असताना आमच्या वाडीला जिरं घ्यायला यायचा. चांगुणा कागद निवडून निवडून पुडी बांधायची. गावात बिनभोकाची पुडी मिळणारा तो एकटाच. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नव्हतं दिसत ते गहिनीनाथाला, कारण तो जिवंत माणसांकडं फारसं बघत नसे.

एक दिवस तो धावतच माझ्याकडं आला. हातात रद्दीचा कागद, मधूनच कुरतडलेला. श्रीरामपूरच्या गोदामातच उंदरांनी त्याच्या आधी वाचून घेतला होता. बातमी तुळशीराम मुंगसे यांची. मोठी आसामी, फोटोसकट. बेलापूरच्या, कारखान्याचे डायरेक्टर आप्पासाहेब मुंगसे यांचे वडील. एवढ्या मोठ्या घरावर हक्क सांगायची गहिनीनाथाची आजवर छाती झाली नव्हती. शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली, "'कालव्यावरील बन्सी मुंगसे यांचे ते...' आता हितं भोक. पुढं 'भाऊ होत'."

"चुलतभाऊ!" गहिनीनाथ म्हणाला.

"हितं तर नुसतं भाऊ हाय. मामेभाऊ असंल, आतेभाऊ असंल, गुरुभाऊ असंल."

"चुलतच. माजा बाप छापून आलाय, कारभारी! डायरेक्टरच्या बापाला चिकटून छापून आलाय!"

डोळ्यांत पाणी घेऊन उभा असलेल्या माणसाशी व्याकरण बोलू नये. मी कागद त्याला परत दिला.

योग असा की त्याच आठवड्यात आप्पासाहेबांचे थोरले चुलते वारले. ही बातमी रद्दीतून आली नाही, ताजी आली, एसटीच्या कंडक्टरकडून. आयुष्यात पहिल्यांदा गहिनीनाथाला मयत वेळेवर सापडलं. दहाव्याला तो प्रवरेच्या काठावर हजर. रांगेत जाऊन बसला. कुणी विचारलं नाही. आपण होऊन मिशी देणाऱ्याला कोण विचारतं? शिवाय कारखान्याची निवडणूक तोंडावर होती आणि आप्पासाहेबांना रांग जितकी लांब तितकी बरी वाटत होती. भिमाजीचा वस्तरा ओठावर फिरला तेव्हा गहिनीनाथ असा रडला, की मयताची सख्खी मुलं वळून बघायला लागली. त्याच्या उजव्या अंगाला माणूस, डाव्या अंगाला माणूस. त्याला आणखी काय पाहिजे होतं?

संध्याकाळी गुळगुळीत डोकं, कोरा ओठ घेऊन तो घरी आला. मी तिथंच होतो.

"मालन! भावकी घावली!"

"कुनाची?"

"आपली! आप्पासाहेब मुंगसे, बेलापूर. मी रांगंत बसून आलो!"

मालनबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "आवो, काय केलंत ह्ये? तितं मी चांगुणाची सोयरीक बोलून आले! झुंबरबाईचा नातू. आप्पासाहेबांचा पुतन्या!"

चुलीपुढून चांगुणा उठली. बापाच्या उघड्या ओठाकडं बघत म्हणाली, "दादा, मग आता काय करू? राखी आनू का त्याला?"

एवढं बोलून आत गेली, आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत पुड्यासुद्धा मुकाट्यानं बांधल्या, भोकं कुठं आहेत न बघता.

सुतक फिटल्यावर झुंबरबाई आणि आप्पासाहेब रीतसर बोलणी करायला आले. मालनबाईनं नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, रांगेत कोण कुणाचं तोंड बघतं, तुमी गप बसा. डोक्यावर पटका आणि दाढदुखीच्या निमित्तानं तोंडाला उपरणं बांधून त्याला कोपऱ्यात बसवलं. तडजोडीला म्हणून मला बोलावलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग चहा आला.

"घ्या की," आप्पासाहेब म्हणाले.

गहिनीनाथानं मान हलवली.

"तोंड बांदून सोयरीक करता व्हय पाव्हनं?" झुंबरबाई म्हणाली. "गरम च्यानं दाढंला आराम पडतो. सोडा त्ये."

उपरणं सुटलं. आप्पासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "अहो, तुम्ही तर आमच्या रांगेत होता! ते सगळ्यांत जास्त रडणारे!"

झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. आत बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या. चांगुणा दाराआड होती, हे सगळ्यांना कळलं.

आप्पासाहेब राजकारणातला माणूस, त्यांना हातातलं काही सोडवत नाही. भाऊबंद म्हणून एक मत येत होतं, सोयरीक म्हणून सून येत होती. ते म्हणाले, "कशावरून तुम्ही आमच्यातले? पुरावा आहे?"

गहिनीनाथानं मुकाट्यानं सगळ्यांना दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. गुळाच्या ढेपा बाजूला सारल्या. आप्पासाहेबांनी चष्मा लावून आपल्या बापाची बातमी वाचली आणि भोकापाशी येऊन थांबले.

"ही बातमी आमच्या क्लार्कनं दिली होती. मीच सांगितलं होतं, आठवतील तेवढी माणसं घाल. हा बन्सी त्यानं कुठून आणला, त्यालाच ठाऊक. आई, तुला आठवतो बन्सी?"

"तुज्या बापाला भाऊ म्हननारी काय थोडी हुती?" झुंबरबाई म्हणाली. "ऊस लावला तवा निमं गाव भाऊ झालं. कारखान्याचा शेअर घेतला तवा उरल्यालं. त्यात येक बन्सी असंलबी."

"पण चुलत की मामे?"

"रद्दीला इचार."

मामे असेल तर प्रश्नच मिटत होता. म्हणजे या दोन मुंगशांत आधीच एक लेक दिलेली होती, मुळं वेगळी होती, आणि पुन्हा एक लेक द्यायला हरकत नव्हती. चुलत असेल तर चांगुणा त्या घरची मुलगी. सगळे त्या भोकाकडं बघत उभे राहिले. दोन बोटं जातील एवढं भोक, त्यातून भिंतीचा चुना दिसत होता.

"त्यात काय अवघड आहे?" आप्पासाहेब म्हणाले. "पेपरच्या कचेरीत जुने अंक ठेवतात. उद्या नगरला माणूस पाठवतो. अख्खी बातमी आणतो, म्हणजे खरं काय ते कळेल."

मी गहिनीनाथाकडं बघितलं. हा माणूस आयुष्यभर रद्दी चाळत होता. एका अंकानं त्याला त्याचा बाप, आजा, गाव सगळं मिळालं असतं. त्याचे डोळे लकाकलेसुद्धा.

तेवढ्यात झुंबरबाई म्हणाली, "आनि अंकात चुलत निगालं तर?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला.

म्हातारी गहिनीनाथापुढं जाऊन उभी राहिली. "हे बघ बाबा, तुला भाऊबंद पायजेल का व्याही? येक काय त्ये सांग. दोन्ही येका घरात न्हाई घावायचं."

गहिनीनाथानं भिंतीकडं बघितलं. मग दाराकडं. दारात चांगुणाच्या लुगड्याचं टोक दिसत होतं. त्याचा हात सवयीनं मिशीला गेला, आणि मिशी नव्हती म्हणून तसाच ओठावर राहिला.

"मानूस नगा पाठवू," तो म्हणाला. मग घसा खाकरला, भोकावर बोट ठेवलं आणि मास्तरसारखा बोलायला लागला, "आप्पासाहेब, हितं नीट बघा. चुलत म्हंजे तीन अक्षरं. ती ह्यात मावत न्हाईत. मामे म्हंजे दोन. बरूबर बसत्यात. उंदरानं मामे खाल्लं. माजीच वाचायची चूक झाली."

त्या भोकात चुलत तर काय, अख्खी भावकी मावली असती. पण आप्पासाहेबांनी पुन्हा चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर. दोनच बसतात." मीही बघितलं. मलाही दोनच बसताना दिसली. झुंबरबाईला अक्षरओळख नव्हती, तिनं सगळ्यांच्या आधी मान डोलावली.

"आन मिशीचं काय?" मालनबाईनं आतून विचारलं. "लोक म्हनतील सोयरा कसा रांगंत बसला?"

"दुक्खानं बसला म्हनायचं," झुंबरबाई म्हणाली. "पर मिशी आल्याबिगर मांडव न्हाई. बोडक्या ओठाचा व्याही मांडवात उभा केला तर माजी भावकी मला इचारंल."

असा त्या लग्नाचा मुहूर्त मिशीवर ठरला. भटजींनी पंचांग बाजूला ठेवलं आणि ते दुकानात येऊन गहिनीनाथाचा ओठ बघून जायला लागले. मालनबाई रोज एरंडेल चोळायची. गिऱ्हाईकं मीठ घेता घेता चौकशी करायची, "किती आली?" आमचा भिमाजी न्हावी तर हक्कानं हनुवटी धरून उजेडाकडं वळवायचा. बाहत्तरचं साल, शेतात हिरवं नाव नाही, लोक खडी फोडायला जात होते. त्या वर्षी आमच्या वाडीत डोळ्यांदेखत उगवलेलं पीक म्हणजे गहिनीनाथाची मिशी.

लग्न झालं. टँकरच्या पाण्यावर, थोडक्यात. पंगतीत झुंबरबाई रुसली. मानाची साडी तिला जरा विटकी वाटली. भर मांडवात तिनं गहिनीनाथाला उभा-आडवा घेतला. "गहिनीनाथ, रद्दीतनं आनली का वं ही? हिला भोक कुटं हाय त्येवढं दावा!" गहिनीनाथ हात जोडून उभा. मी समजूत काढायला पुढं झालो, तर त्यानं मला कोपरानं मागं सारलं.

"बोलू दे," कुजबुजला. "नाव घिऊन बोलतीया."

भिंतीवरच्या बातम्या त्यानं काढल्या नाहीत, पण नव्याही लावल्या नाहीत. पुड्या धड झाल्या. राहीबाईला पहिले काही दिवस करमलं नाही.

त्र्याहत्तर साल सरता सरता झुंबरबाई गेली. दहाव्याला मी गहिनीनाथाबरोबर प्रवरेवर गेलो. रांग बसली होती. आप्पासाहेब, राधाकृष्ण, त्यांची सगळी भावकी. गहिनीनाथ कडेला सोयऱ्यांत उभा, काखेत पांढऱ्या टोप्यांचा गठ्ठा. भिमाजी एकेक डोकं उतरवत शेवटाला आला, वस्तरा पुसला, आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, "संपली का रांग?"

गहिनीनाथाचा हात मिशीकडं गेला. या खेपेला मिशी होती. त्यानं ती एकदा चाचपली.

"संपली," तो पुढं होत म्हणाला. "सर बाजूला. आता आमचं काम." आणि पहिली टोपी त्यानं जावयाच्या डोक्यावर घातली. दोन्ही हातांनी, नीट बसवून.

दुसऱ्या दिवशी त्यानं जन्मात पहिल्यांदा पैसे मोजून ताजा पेपर विकत घेतला. झुंबरबाईची बातमी उशिरानं का होईना आली होती. खाली परिवार, आणि अगदी शेवटी, 'वाडीतील किराणा दुकानदार गहिनीनाथ बन्सी मुंगसे यांच्या कन्येच्या त्या आजेसासू होत.' जिवंतपणी आपलं नाव मयताच्या बातमीत वाचून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कात्री समोरच होती, पण त्यानं ती उचलली नाही. पेपर अख्खाच्या अख्खा उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बघ कारभारी," म्हणाला, "कुटंबी भोक न्हाई."